बिर्केनाऊ ते क्राकूफ, सायकलवर

जून १९४२ मध्ये नाझी जर्मनीत ज्यूंसाठी आणखी एक फर्मान निघालं. घरातली विजेची उपकरणं, टाइपरायटर आणि सायकली सरकारजमा करा. तोवर त्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, दुकानं हिसकावून घेतली होती, मुलांना शाळेतून काढलं होतं. सप्टेंबर १९४१ पासून कोटावर पिवळी चांदणी शिवायची सक्ती होती. ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनातून माणसांनी भरलेल्या गाड्या पूर्वेकडे सुटत होत्या. एवढं सगळं झाल्यावर सायकल ती काय! तरी त्या यादीतल्या सायकलीशी मी दर वेळी थांबते.

मी सांगलीची. आठवीत असताना बाबांनी लेडीज सायकल घेऊन दिली आणि एका दिवसात माझं गाव मोठं झालं. कृष्णेचा घाट, आयर्विन पूल, मैत्रिणीचं विश्रामबागेतलं घर, वाचनालय, सगळं माझ्या पायांच्या टप्प्यात आलं. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. आता कितीतरी वर्षं बर्लिनमध्ये राहते, पण ती मोकळीक अजून रोज सकाळी हँडल धरताना अंगात येते. म्हणून ते फर्मान मला कळतं. माणसाला मारण्याआधी त्याचं हिंडणं-फिरणं मारायचं असतं. बहिणीकडे जाता येऊ नये, दूरच्या बाजारात भाजी बघता येऊ नये, रात्री निसटता येऊ नये. हुकूम काढणाऱ्याने यावर विचार केलेला होता, आणि मला भीती वाटते ती त्या विचाराची.

बर्लिनमध्ये हे सगळं अंगावर येतं. शोनेबर्ग भागात बायरिशेस फिएर्टेल म्हणून मोहल्ला आहे. एके काळी तिथे डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येने राहायची. आइन्स्टाइनसुद्धा तिथलेच रहिवासी. १९९३ मध्ये दोन कलावंतांनी तिथल्या दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या. पाटीच्या एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एखादा नियम आणि त्याची तारीख. एकीवर पावाची लादी आहे. मागे लिहिलंय की बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्याचे पदार्थ फक्त दुपारी चार ते पाच या वेळात विकत घ्यावेत, ४ जुलै १९४०. ज्यूंनी घरात पाळीव प्राणी ठेवू नयेत, १९४२. खाली बेकरी उघडी असते, मुलं बर्फाचा गोळा चाटत जातात आणि वर ही पाटी. संग्रहालयात माणूस मन घट्ट करून शिरतो. इथे दूध आणायला निघालेलं असताना तो नियम समोर येतो.

आमच्या इमारतीच्या दाराशी फरसबंदीत पितळी चौकोन बसवलेले आहेत. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर. गुंटर डेमनिग या शिल्पकाराने १९९२ मध्ये हे काम सुरू केलं आणि मे २०२३ मध्ये न्यूर्नबर्गला एक लाखावा दगड बसला. बहुतेकांवर सुरुवात एकच असते: ‘इथे राहत होते.’ मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. आमच्या दाराशी आई, वडील आणि मुलगी आहेत. तिघांच्याही शेवटच्या ओळीत ऑशविट्झ, नाझींनी पोलंडात उभारलेली मृत्युछावणी. पितळ पावसाने, चपलांनी काळं पडतं, म्हणून दर वर्षी ९ नोव्हेंबरच्या आसपास (१९३८ मध्ये त्या रात्री नाझींनी ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली) लोक बादली-फडकं घेऊन खाली उतरतात आणि ते घासतात. मी पितांबरीने घासते. आई देवाच्या समयांसाठी म्हणून पाठवते, त्यातलीच पुडी. ओल्या फडक्यावर चिमूटभर घ्यायची, अक्षरांच्या खाचांत बोट फिरवायचं, काळपट पाणी निघतं, मग एकेक अक्षर वर येतं. मुलीचं जन्मसाल वर आलं की माझा हात थांबतो. नेलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ज्या जिन्यावरून मी रोज सायकल खाली उतरवते, त्याच जिन्यावरून ती उतरली.

तर या अशा घरात राहत असताना मला ‘राइड फॉर द लिव्हिंग’बद्दल कळलं.

रॉबर्ट डेसमंड हा लंडनचा तरुण. २०१३ मध्ये तो लंडनहून सायकलवर निघाला आणि दुसऱ्या महायुद्धाशी जोडलेली ठिकाणं बघत सुमारे २,२०० किलोमीटर कापून ऑशविट्झला पोहोचला. प्रवास तिथे संपायचा होता. पण जवळच्या क्राकूफ शहरात त्याला ज्यू कम्युनिटी सेंटर भेटलं. काझिमिएश या जुन्या ज्यू वस्तीत, मिओदोवा रस्त्यावर, टेम्पल सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळाच्या शेजारी. हे केंद्र २००८ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते उघडलं. आत छळछावण्यांतून वाचलेले म्हातारे-म्हाताऱ्या चहा पीत बसलेले, कुणी हिब्रू शिकतंय, कुणी शुक्रवारच्या जेवणाची तयारी करतंय. युद्धापूर्वी क्राकूफची जवळजवळ चौथाई वस्ती ज्यू होती, साठ हजारांच्या वर माणसं. त्यातली बहुतेक मारली गेली. त्या शहरात ज्यू माणसं अजून शुक्रवारी एकत्र जेवतात हे बघून डेसमंडच्या मनाने उलटी दिशा घेतली: प्रवास ऑशविट्झला संपवायचा नाही, तिथून सुरू करायचा. २०१४ मध्ये मोजके लोक ऑशविट्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊच्या फाटकाशी जमले आणि सायकलने क्राकूफच्या त्या केंद्रात आले. सुमारे ९७ किलोमीटर. आता दर वर्षी जूनअखेरीस हे होतं, देशोदेशीचे शेकडो लोक येतात. प्रत्येकाने आपल्या माणसांकडून देणग्या गोळा करायच्या आणि ते पैसे केंद्राला जातात: वाचलेल्या वृद्धांच्या देखभालीला, शिकवण्याला, तिथलं ज्यू जीवन पुन्हा उभं राहावं म्हणून.

मला यातली दिशा फार महत्त्वाची वाटते. ऑशविट्झचं स्मरण म्हटलं की पावलं आपसूक फाटकाकडे वळतात. आत जायचं, बघायचं, सुन्न व्हायचं. ते हवंच, ते ज्याने केलं नाही त्याने या सायकलफेरीला जाऊ नये असं माझं मत आहे. पण मेलेल्यांचं स्मरण करणारे खूप आणि वाचलेल्यांच्या औषधाला, शिधासामानाला विचारणारे थोडे, असं होऊन बसतं. ही वाट फाटकापासून निघून जिवंत माणसांच्या टेबलापर्यंत जाते.

आणि ती वाट एका दहा वर्षांच्या मुलाने आधीच पायी तुडवलेली आहे. मार्सेल झिएलिन्स्की क्राकूफचे. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य ऑशविट्झमध्ये शिरलं तेव्हा तिथे सात हजारांच्या आसपास कैदी उरले होते. हा मुलगा त्यांतला एक. त्याआधी आठ-दहा दिवस, १७ जानेवारीपासून, नाझींच्या एसएस दलाने सुमारे ५६,००० कैद्यांना बर्फातून पश्चिमेला हाकत नेलं होतं. जो मागे पडला त्याला गोळी. हा मुलगा सुटल्यावर उलट्या बाजूला चालू लागला, पूर्वेला, क्राकूफकडे, आईवडील सापडतील या आशेने. ऐन थंडीत. सत्तर वर्षांनी, २०१५ मध्ये, मॉन्ट्रियलहून येऊन त्यांनी तीच वाट सायकलवर पार केली. वय ऐंशी. त्यांच्याबद्दल वाचलं त्या रात्रीच मी नाव नोंदवलं.

नाव नोंदवणं सोपं होतं. पैसे मागणं अवघड. आपल्याकडे वर्गणी मागायची सवय आहे ती गणपतीची, पावतीपुस्तक हातात घेऊन, शेजारच्या मंडळाने किती घेतले ते सांगत. ‘मी पोलंडात सायकल चालवणार आहे, ज्यू वृद्धांसाठी पैसे द्या’ असं सांगलीला फोन करून सांगायचं म्हणजे दोन्ही टोकांना शांतता. मामा सरळ बोलणारा. तो म्हणाला, “अगं, इथे जतला अजून टँकर लागतो. तुला पैसे गोळा करायचेच होते तर घरचं काही दिसलं नाही का?”

प्रश्न खरा होता, म्हणून मी उडवून लावला नाही. मी म्हटलं, मामा, जतलाही दे, मीही देते. पण मी राहते त्या घरातून तिघांना नेलं. त्यांच्या जिन्याचं भाडं मी भरते. माझ्या दाराशी ज्यांचं नाव आहे त्यांच्यासारख्याच कुणाचं म्हातारपण क्राकूफला चाललंय, आणि ती माणसं वर्षागणिक कमी होत चाललीत. शेवटची पिढी आहे ही. त्यांना विचारायचं राहिलं तर मग कुणाला विचारणार?

तो काही बोलला नाही. आमच्याकडे मामा गप्प बसला की विषय संपला असं नसतं.

दुसरं एक उत्तर मी त्याला फोनवर दिलं नाही, ते इथे लिहिते. आपल्याकडे कडक मास्तरांना पोरं सर्रास ‘हिटलर’ म्हणतात. पुण्यात, मुंबईत फूटपाथवरच्या पुस्तकांत हिटलरचं आत्मचरित्र यशस्वी कसं व्हावं सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, आणि ते खपतं. ‘देशाला शिस्त लावायला एखादा हिटलरच पाहिजे’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, सुशिक्षित, पापभीरू माणसाच्या तोंडून. तो माणूस वाईट नव्हता. त्याला माहीत नव्हतं. महाराष्ट्रात ज्यूंचा द्वेष कधी मुरलाच नाही. कोकणात बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू लोक, शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं आणि विषय तिथेच संपला. ही आपल्या मातीची चांगली गोष्ट. पण तिचीच दुसरी बाजू अशी की शेजारच्या घरातून कुटुंबच्या कुटुंब उचलून नेल्याची आठवण आपल्याकडे नाही. म्हणून हिटलर आपल्याला इंग्रजांना नडलेला एक कडक नेता वाटतो. मारले गेलेले साठ लाख ज्यू हा आकडा शाळेत एका ओळीत येतो आणि परीक्षेनंतर जातो. शिकवण्याची गरज युरोपात आहेच. मला ती सांगली-साताऱ्यातही तेवढीच दिसते.

आपला धागा अगदीच नाही असंही नाही. आकाशवाणीची सकाळची धून ऐकत जे मोठे झाले, त्या सगळ्यांनी वॉल्टर कॉफमनचे सूर ऐकलेत. कार्ल्सबादचा हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आला, पुढे मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला, आणि ती धून त्याच्याच नावावर सांगितली जाते. तंबोऱ्यावर व्हायोलिन. मध्य युरोपातून निघालेले असे आणखी काही जण मुंबईत पोचले. रुडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी आपल्या रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या चित्रकार-शिल्पकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाची पाठराखण केली. मुंबईने ठेवून घेतलं म्हणून हे जगले. जे निघू शकले नाहीत त्यांचं काय झालं ते आमच्या दाराशी पितळेत कोरलेलं आहे.

फेरीच्या आदल्या दिवशी मी ओश्व्येंचिम गाव बघितलं. ऑशविट्झ हे या गावाचंच जर्मन नाव. युद्धापूर्वी गावात निम्म्याहून जास्त वस्ती ज्यू होती. सिनेगॉग, दुकानं, दारूच्या भट्ट्या, शाळा. आता ती वस्ती उरली नाही. त्या जुन्या वस्तीतले शेवटचे शिमोन क्लूगर, छावण्यांतून वाचून गावी परतलेले, २००० साली वारले. त्यांचं छोटं घर सिनेगॉगच्या मागे आहे, तिथे आता कॅफे चालतो. मी तिथे कॉफी घेतली. छावणीला लाखो लोक येतात, गावात थोडेच वळतात, आणि मला वाटतं की त्यांनी वळावं. छावणीत माणसं कशी मेली ते कळतं. ती कशी जगत होती ते कळायला गावात यावं लागतं.

छावणीबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. सुमारे ११ लाख माणसं इथे मारली, त्यातली १० लाखांच्या आसपास ज्यू, शिवाय पोलिश, रोमा (जिप्सी), सोव्हिएत युद्धकैदी. संग्रहालयाच्या ताब्यात १ लाख १० हजारांच्या आसपास बूट-चपला आहेत. काचेमागे त्यांचा ढीग आहे. बहुतेक करड्या झालेल्या, चामडं वाळून वळलेलं. त्यात मध्येच एक लाल सँडल दिसते, टाच उंच. गाडीत चढताना कुणीतरी ती निवडून घातली होती. बरं घर मिळेल, बरं दिसायला हवं, असं काही मनात असेल. मुलांच्या आठ हजार बुटांचं जतन करायला संग्रहालयाने वेगळी मोहीम काढली आणि त्यालाही लोकांच्याच देणग्या लागल्या. चामडं सडतं. पुरावासुद्धा कुणी पैसे भरून सांभाळला तरच टिकतो.

सकाळी बिर्केनाऊच्या विटांच्या फाटकाबाहेर आम्ही उभे होतो. रूळ आत जातात ते तिथूनच. मे ते जुलै १९४४ या दोन महिन्यांत हंगेरीतून आणलेल्या चार लाखांहून जास्त ज्यूंच्या गाड्या याच रुळांवरून आत गेल्या. आणि त्याच्यासमोर आम्ही, रंगीत जर्सी, हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या. हे योग्य आहे का, हा प्रश्न मी घरून घेऊन आले होते. लायक्रा घालून या जागी उभं राहावं का? माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंचे आजोबा इथे मेले होते. त्या सीट खालीवर करत होत्या, चेनला तेल लावत होत्या. त्यांचं ते काम बघून माझा प्रश्न उरला नाही. त्यांच्या घराण्यात इथून बाहेर पडणाऱ्या त्या पहिल्याच. प्रार्थना झाली, नावं घेतली, आणि निघालो.

एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. या फेरीतला त्रास छावणीतल्या त्रासाच्या जवळही जात नाही, आणि तसं कुणी म्हणतही नाही. आमच्याकडे केळी होती, मागून येणारी गाडी होती, पंक्चर काढून देणारा माणूस होता. तरी ९७ किलोमीटर म्हणजे ९७ किलोमीटर. जूनचं ऊन पोलंडातही भाजतं. पहिला टप्पा सपाट. झाटोरच्या बाजूला मासे पाळायची तळी पसरलेली आहेत, खांबांवर करकोच्यांची घरटी, गावच्या वळणावर मेरीची छोटी देवळं आणि त्यात प्लॅस्टिकची फुलं. मग चढ लागतात, मोठे नाहीत पण संपत नाहीत. साठ किलोमीटरच्या पुढे मांड्या भरून आल्या, पाठ बोलू लागली. आमच्या गटात कित्येक जण असे होते की ज्यांनी या वर्षीच सायकल हातात घेतली होती. ते उतरून ढकलत होते, पुन्हा बसत होते. कुणी कुणाला मागे टाकून जात नव्हतं.

वारीत चालणाऱ्याला जसं कळतं की चालणं हेच नाव घेणं आहे, तसं चढावर मला काही वेळ झालं. मी आमच्या दाराशी राहणाऱ्या तिघांची नावं पेडलच्या फेऱ्यांवर म्हणत होते. आई, वडील, मुलगी. पुन्हा आई. श्वास पुरेना तेव्हा नुसती मुलगी.

एका थांब्यावर एक इटालियन म्हातारे जिनो बार्तालीबद्दल बोलत बसले. इटलीत त्याचं नाव देवासारखं घेतात. १९३८ आणि १९४८, दोन वेळा टूर द फ्रान्स जिंकणारा सायकलपटू, आणि मधली दहा वर्षं युद्धाने खाल्ली. त्या मधल्या काळात, जर्मनांनी इटली व्यापल्यावर, तो फ्लोरेन्सहून आसिसीच्या बाजूला ‘सरावाला’ जायचा आणि लपलेल्या ज्यूंसाठी बनवलेली खोटी ओळखपत्रं सायकलच्या नळीत गुंडाळून न्यायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. एका ज्यू कुटुंबाला त्याने फ्लोरेन्समध्ये आसराही दिला. युद्धानंतर तो याबद्दल जवळजवळ बोललाच नाही. २००० साली गेला, आणि याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-संहार स्मारकसंस्थेने ज्यूंचे प्राण वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंच्या यादीत त्याचं नाव घातलं ते २०१३ मध्ये. ते म्हातारे हे सांगताना माझ्या सायकलच्या दांडीवर टिचकी मारत होते. सायकली जमा करा असं फर्मान का निघालं असेल, याचं उत्तर त्या पोकळ आवाजात होतं.

क्राकूफमध्ये शिरताना शहराने गाठलं, ट्रॅफिक, ट्रामचे रूळ, सिग्नल. मग मिओदोवा रस्ता आणि केंद्राच्या अंगणात टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत स्वयंसेवक पोरं होती, त्यांतली बरीच ज्यू नसलेली पोलिश, आणि खुर्च्यांवर बसलेली ती माणसं, ज्यांच्यासाठी आम्ही निघालो होतो. एका आजींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोलिश. त्यांनी माझी बांगडी बघितली, आवडली असं खुणेने सांगितलं. मी काढून देऊ लागले तर त्यांनी जोरात मान हलवली आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं. तेवढंच बोलणं झालं आमचं. घामाने चिकट झालेला माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

संध्याकाळी शब्बाथचं, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीदिवसाच्या सुरुवातीचं, जेवण. लांबच लांब टेबलं, मेणबत्त्या, वेणीसारखा गुंफलेला पाव, द्राक्षरसावरची प्रार्थना. मूळचे न्यू यॉर्कचे आणि सुरुवातीपासून हे केंद्र उभं करणारे जोनाथन ऑर्नस्टीन बोलले. कुणाला म्हातारपणी कळलं की आपली आई ज्यू होती, असे लोक इथे दर वर्षी दार ठोठावतात. साठ-सत्तर वर्षं घरात दडवलेलं नाव घेऊन येतात आणि शुक्रवारी जेवायला बसतात. माझ्या टेबलावर असे एक गृहस्थ होते. प्रार्थना त्यांना अजून पाठ नव्हती, पुस्तकात बोट ठेवून ते एकेका ओळीमागून जात होते, आणि शेजारची शाळकरी मुलगी त्यांचं पान उलटून देत होती.

बर्लिनला परतल्यावर मी जमलेल्या पैशांचा हिशेब सगळ्यांना पाठवला. मामाचं नाव यादीत होतं. फेरीच्या आदल्या आठवड्यात न सांगता त्याने रक्कम भरली होती, आणि तेवढीच जतच्या टँकरसाठीही, त्या पावतीचा फोटो मला पाठवून. मग त्याचा फोन आला. फोटोतल्या त्या आजी कोण, त्यांना मुलंबाळं आहेत का, रोज जेवायला येतात का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, “चढ किती आहेत गं? आपल्या दंडोबाएवढे?” तेवढे नाहीत म्हटलं. तो रोज सकाळी मिरजेपर्यंत सायकल मारतो, वय पासष्ट. थोडं थांबून त्याने विचारलं, शुक्रवारच्या त्या जेवणात माळकऱ्याला चालेल असं काही मिळतं का. पाव, बटाटे, काकडी, बीट, डाळीचं सूप. मी सगळं नीट सांगितलं आणि पासपोर्ट कधी संपतोय ते बघायला सांगितलं.